‘ए’च्या सिनेमाला नेलेलं लेकरू

शेवटचा वेचा झाला की आमच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया मिळून आदिलाबादला सिनेमा बघायला जातात. ही आमच्याकडची रीत आहे आणि ती मोडायची कोणाची छाती नाही. यंदा माझी धाकटी भावजय सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसली होती. बाळंतपणानंतर दवाखाना सोडला तर तिनं आमच्या बेला गावाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. आवडता हिरो, नवा तेलुगू सिनेमा, रविवारचा दुपारचा खेळ. लेकरू मांडीवर घेऊन ती ऑटोत टॉकीजपर्यंत गुणगुणत आली.

दारावरच्या माणसानं तिकिटं बघितली, लेकरू बघितलं आणि हात आडवा केला. सिनेमा ‘ए’चा होता. पोस्टरवर ते अक्षर होतं, पण आमच्या बायांनी पोस्टरवर फक्त हिरो बघितला होता.

“त्याले काय समजते, ताई? दात बी नाही आले त्याले,” भावजय मला म्हणाली.

मी पडले मास्तरीण, समजावून सांगायची खोड जात नाही. तिथंच पायरीवर सगळ्यांना सांगितलं. ‘यू’ कोणीही बघावा. ‘यूए’पुढे सात, तेरा, सोळा असा आकडा असतो, लेकरू त्याहून लहान असेल तर दाखवायचं की नाही ते आईबापांनी ठरवायचं. ‘ए’ला मात्र अठराच्या आतल्याला प्रवेशच नाही, आईबाप सोबत असले तरी. तिथं समज बघत नाहीत, वय बघतात. समज मोजायची म्हटलं तर दारावरच्या माणसानं काय तोंडी परीक्षा घ्यायची? आमच्या घरी हे काम आई करायची. टीव्हीवर भलतंच काही लागलं की ती आम्हाला पाणी आणायला पिटाळायची, आणि आम्ही कान मागे ठेवून जायचो. टॉकीजमध्ये तशी सोय नाही, म्हणून अक्षर आधीच लावतात. मला हा कायदा पटतो आणि मी तो कोणालाही पटवून देऊ शकते.

भावजयीला त्या घडीला कायदा नको होता, सिनेमा हवा होता. तिचे डोळे भरून आले. लेकरू आपलं आहे, आपणच बाहेर बसतो, तुम्ही जा, असं म्हणत ती पायरी उतरायला लागली. मला तिचं फार वाईट वाटलं, पण उपाय सुचेना.

तो सुचला आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या काकूला. तिनं भावजयीचा दंड धरला. “वावरात लेकरू एकीचं नसते. मंग इथंच काऊन?”

वेचणीच्या दिवसांत लेकरं धुऱ्यावर, बांधावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत असतात आणि रोज एक बाई त्यांच्यापाशी थांबते. संध्याकाळी वजनाआधी प्रत्येक बाई आपला ओंजळभर कापूस तिच्या गाठोड्यात टाकते, म्हणजे तिची मजुरी बुडत नाही. काकूनं इथंही तेच लावलं. एकेकीनं आळीपाळीनं बाहेर बसायचं आणि जिचा जो भाग हुकेल तो परतताना बाकीच्यांनी तिला सांगायचा. भावजयीनं मात्र जागचं उठायचं नाही, इंटरवलला तेवढं लेकराला पाजून जायचं.

पहिली मी बसले. थोड्याच वेळात दाराआडून धपाधप मारल्याचे आवाज आले आणि मागोमाग एका बाईची किंकाळी. लेकरू दचकलं, त्यानं माझा पदर मुठीत धरला आणि टाहो फोडला. मी त्याला उचलून पार रस्त्यापलीकडे, बोरं विकणाऱ्या बाईपाशी घेऊन गेले. तिथं ते शांत झालं.

भावजयीनं सिनेमा पोटभर बघितला. परतताना ऑटोत ती हातवारे करून हुकलेले भाग सांगत होती, कोणाला गाणं, कोणाला हिरोचं भांडण, आणि बाया हसून हसून बेजार. इतकी मोकळी मी तिला वर्षभरात बघितली नव्हती. मग माझी पाळी आली. मी विचारलं, सुरुवातीला ती बाई एवढी का ओरडली?

तिनं सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. मांडीवरचं लेकरू जागं होतं, टक लावून तिच्या तोंडाकडे बघत होतं. तिनं त्याच्या कानावर अलगद हात ठेवला.

“उद्या सांगतो, ताई,” ती म्हणाली. “तो ऐकून राह्यला.”