लाल पट्ट्याचा धोटा

पाळी बदलायची वेळ होती. मी माग थांबवला, आडवं सूत नेणारा धोटा काढला आणि शंकररावांसमोर धरला. माझ्यानंतर तो माग ते चालवणार होते. त्यांनी हात पुढं केला नाही.

"खाली ठेव," म्हणाले.

मी ठेवला. त्यांनी तो पायानं बाजूला सारला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्याच्या तोंडचं मी तोंडात घेणार न्हाय. बोलवा मॅनेजरला."

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. भवानी पेठेतला चादरीचा कारखाना. धोट्यात सूत गुंडाळलेली नवी कांडी बसवली की सुताचं टोक त्याच्या भोकातून बाहेर काढावं लागतं. कारखान्यात सगळे ते तोंडानं ओढत. भोकाला ओठ लावायचे, श्वास आत घ्यायचा, सूत बाहेर येतं. दोन पाळ्यांना धोटा एकच. म्हणून आमच्या लोकांना कांड्या भरायला ठेवत, मागावर घेत नसत. आम्ही बौद्ध झालो होतो, पण कारखान्यात जुनंच चालू होतं. माणसं कमी पडली तेव्हा मला मागावर घेतलं.

मॅनेजर साहेब आवाज चढवून बोलणारे नव्हते. शंकररावांना तर ते काहीच बोलले नाहीत. मला ऑफिसात नेलं, खुर्ची दिली.

"त्यांना बोललो तर सगळी पाळी उठून जाईल," म्हणाले. "तू समजूतदार आहेस."

दुसऱ्या दिवशी मला वेगळा धोटा मिळाला. अदलाबदल नको म्हणून त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढला होता.

मला लाज वाटते ती याची, की मला बरं वाटलं. साहेबांनी खुर्ची दिली होती. समजूतदार म्हटलं होतं. मी भिंतीकडं तोंड करून सूत ओढू लागलो. बाकीचे म्हणत, "स्टेशनमास्तर आले. लाल झेंडी दाखवा की जरा." त्यांच्याबरोबर मीही हसायचो.

मग जेऊरहून दगडू आला. आमच्यातलाच. माझ्याहून वयानं मोठा, मागाचं काम शिकून आलेला. साहेबांनी आणखी एका धोट्यावर लाल पट्टा ओढून घेतला आणि माझ्या हातात दिला.

"तू समजाव त्याला. तुझं ऐकेल."

मी गेलो. कुणी ढकललं नव्हतं. माझ्या पायांनी गेलो.

"साहेब चांगले हायत," मी म्हणालो. "थोडं जुळवून घ्यायला लागतं."

दगडूनं धोटा उलटसुलट करून पाहिला. "तू कवापासनं वापरतोस?"

"झालं की वरीस."

"घरात सांगितलंय?"

मी मान हलवून नाही म्हटलं. पोरगा मागावर लागला म्हणून आमचे बाबा गल्लीभर सांगत फिरत होते.

"घरात सांगायला लाज वाटती," दगडू म्हणाला, "आन मला द्यायला न्हाय वाटत?"

तो चिडला नव्हता. चिडला असता तर मी भांडलो असतो. मी दोन्ही धोटे उचलले आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले.

"हे आमी वापरणार न्हाय."

"तूसुद्धा? अरे, तुझ्या भरवशावर मागाचं खातं चालतंय."

"खातं चालवायचं काम तुमचं हाय, साहेब. शंकररावांना तुमी बोला."

ते कागद चाळू लागले. मान वर न करता म्हणाले, "तू अवघड माणूस व्हायला लागलास."

मी मागावर आलो. मागाचा मूळ धोटा घेतला, कांडी बसवली. या वेळी भिंतीकडं वळलो नाही. सगळ्यांसमोर ओठ लावून सूत ओढलं आणि माग सुरू केला. कुणी हसलं नाही. पाळी बदलली तेव्हा शंकरराव मागाजवळ आलेच नाहीत. माग बंदच उभा राहिला. साहेबांनी मला आणि दगडूला कामावरून काढून घरी बसवलं.

घरी जाऊन बाबांना वर्षभराचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कांड्या भर म्हनले तर जाऊ नगंस."

तसा निरोप आलाच. कांड्या भरायला ये, जुनी जागा मोकळी आहे. मी गेलो नाही. दगडूही गेला नाही.

पुढं बऱ्याच ठिकाणी राबलो. जिथं एकाला बोलायची हिंमत नाही म्हणून दुसऱ्याला सोसायला सांगतात, तिथं मी उभा राहून विचारतो: त्याला का नाही बोलत? साहेब लोकांना हे आवडत नाही. न आवडू दे. मी विचारत राहणार.