दुसऱ्या खांद्याची माती

हे मी कुणाला सांगितलेलं नाय. बायकोलाही नाय. आता ती गेली, तेव्हा ऐका. ऐकून शिव्या द्यायच्या तर द्या — मी उठून जाणार नाय.

उभा जन्म महाड-पोलादपुरात शाळांच्या कुस्त्यांना पंच होतो. स्वतः शिकलो चौथीपर्यंत, पण मी शिट्टी मारली की मास्तर लोकही गप. त्याचा मला माज होता. होता कसला, आजही हाय.

तेव्हा मॅट नव्हती. लाल माती. दोन्ही खांदे टेकले की चीत, आणि वाद झाला तर पोराची पाठ बघायची. घामाच्या पाठीला माती चिकटते, ती खोटं बोलत नाय. एका साली शेवटच्या कुस्तीला हिचा भाचा उतरला — उमरठचा, सख्ख्या भावाचा पोरगा. कडेचा एकजण ओरडला, "नुसता उभा ऱ्हा रे, पंच घरचाच हाय!" सगळे हसले. ते मला झोंबलं.

पोरगा खाली गेला. एक खांदा टेकला. दुसरा? मी पोटावर पडून बघत होतो. खालून उजेड दिसत होता मला — स्वच्छ. आणि मी शिट्टी मारली — चीत.

पोरगा उठला, पाठ दाखवायला वळला. मी पुढे झालो नि शाबासकी दिल्यासारखा हात मारला, बरोबर त्या कोऱ्या खांद्यावर. मातीने भरलेला हात. झालं. लोकांनी मला मानाचा नारळ दिला — घरच्यालाही सोडला नाय, पंच असावा तर असा.

संध्याकाळी मेव्हणा दारात आला. म्हणाला, तुम्हीच माती लावलीत, पोराला कळलंय. मी ओटीवर चहा पीत होतो. तोंड उघडायच्या आत हीच पुढे झाली. "ह्यांनी जन्मात खोटा निकाल दिला नाय. तुला पटत नसेल तर मला माहेर नाय."

आणि तिने ते पाळलं. भाऊबीज नाय, गणपती नाय. आई वारली तेव्हा गेली, ती तिथलं पाणीही न पिता परत आली. किती वर्षं — आणि मी एका शब्दाने तिला माहेर परत देऊ शकत होतो. का नाय दिलं? तिच्या नजरेत जो पंच होता, तो मला सोडवत नव्हता. दुसरं कारण शोधू नका.

परवा ती गेली. मेव्हणा माहेरची हिरवी साडी घेऊन आला, पार म्हातारा झालेला. तिच्या अंगावर साडी घातली नि माझ्यापुढे हात जोडले. "भावोजी, माझं चुकलं. पोराच्या बोलण्याला भुललो नि बहीण घालवली."

अंगणात सारं गाव उभं होतं. आणि मी त्याला माफ केलं. मी — त्याला.