खिडकीत सोडलेला कूलर

वाळ्याचा वास आला की मला लखनौचा आमचा कूलर आठवतो. मानक नगरच्या क्वार्टरमध्ये आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो. कूलरचे चार थेंब आपल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतात म्हणून खालच्या बाईंनी तक्रार केली आणि ऐन जूनमध्ये तो बंद करायला लावला. माझी तान्ही लेक घामोळ्यांनी लालबुंद झाली. तेव्हाच मनातल्या मनात त्या बाईंना म्हटलं, थांब, दाखवते तुला. पुढच्या मे महिन्यात यांची बदली बंगळुरूला झाली. काय न्यायचं, काय सोडायचं हे ठरत असताना त्याच बाई वर आल्या. "भाभीजी, वहाँ तो ठंडक रहती है, कूलर हमें दे जाइए ना." मी गोड हसून म्हटलं, "अच्छा, देखती हूँ." आमच्या जागी त्यांच्याच नवऱ्याचे साहेब राहायला येणार होते, हे त्यांना अजून कळलं नव्हतं. मी कूलरला नवा वाळा लावला, टाकी काठोकाठ भरली आणि तो चालू करूनच साहेबांच्या बायकोच्या हातात किल्ली दिली. "कूलर आपके लिए छोड़ा है." खाली उतरले तर बाईंच्या पांढऱ्या चादरीवर पाणी ठिबकत होतं आणि वर साहेबांच्या बायकोला बघून त्या स्वतःच चादर दोरीवरून काढून घेत होत्या. इथे बंगळुरूत कूलर लागत नाही. ती चादर आठवली तरी पुरतं.