लेकीच्या घरचा निळा ड्रम

२० ऑक्टोबर २०२४, रविवार. नगरच्या मार्केट यार्डाजवळच्या दुकानात गहिनीनाथने दोन हजार ऐंशी रुपये दिले आणि पाण्याची काळी टाकी आसारामच्या टेम्पोत चढवली. पावती माझ्या हातात ठेवली.

"भाऊसाहेब, तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. लेकीनं किंमत वाचायला नको."

त्याची लेक स्नेहल मिरजगावला दिली आहे. तिच्या सासरी एकट्याने जायचा त्याला धीर होत नव्हता, म्हणून त्याने मला सोबत घेतलं होतं. आमच्या साखर कारखान्यात मी हिशेब विभागात आहे, येत्या मार्चअखेर निवृत्त होतो. गहिनीनाथ माझ्याच वेळचा, पण ऊस गाळणाऱ्या मिलवरचा. उसाचा रस जंतूंमुळे आंबू नये म्हणून मिलमध्ये जंतुनाशक सोडावं लागतं. ते काम त्याचं. हंगामात त्याच्या बोटांची सालं निघत. हातमोजे घाल म्हटलं की म्हणे, "मोज्यात झडप नीट फिरत न्हाई."

जंतुनाशकाचे निळे ड्रम रिकामे झाले की कामगारांना स्वस्तात मिळत. गहिनीनाथ ते घेई, सोड्याने पुन्हा पुन्हा धुई आणि वरचं इंग्रजी लेबल खरवडून काढी. लेबल असलेला ड्रम घाण दिसतो, असं त्याचं म्हणणं. मग ज्याला हवा त्याला देऊन टाकी. कुणाची वास्तुशांत असो, कुणाच्या घरी पाण्याची ओढ असो, गहिनीनाथचा ड्रम पोचलेला असे. माझ्याही घरी एक होता. पगार बेताचा, शेत नावापुरतं, पण देणारा माणूस म्हणून गावात त्याला मान होता. लग्नाच्या मांडवात त्याला नाव घेऊन पुढे बसवत. स्नेहलच्या लग्नात तर रुखवताशेजारी हळदकुंकू लावलेला निळा ड्रम उभा होता आणि व्याह्यांकडची माणसं त्यावर टिचकी मारून खूश होत होती.

सप्टेंबरात सुरक्षेचे नियम सुधारून आले. सुरक्षा अधिकारी एस्तेर साळवे यांनी मिलवरच्या सगळ्यांना बसवून ते मराठीत समजावले. जंतुनाशक हाताळताना हातमोजे आणि चष्मा सक्तीचा. रिकामा ड्रम कुणालाही द्यायचा नाही, भोकं पाडून परत पाठवायचा. पाण्याला किंवा धान्याला तर कधीच वापरायचा नाही.

गहिनीनाथ उठून उभा राहिला. "म्याडम, सोड्यानं चांगला धुतला तर?"

"प्लास्टिकात मुरलेलं धुऊन निघत नाही, काका. लेबलवर तेच लिहिलेलं असतं."

"लेबलवर," एवढंच तो म्हणाला आणि खाली बसला.

त्या आठवड्यात तो गावातले ड्रम गोळा करत फिरला. लोकांनी त्याला सोडलं नाही. "गहिनीनाथ, दिलेलं परत मागतो व्हय? उद्या आहेरातली टोपी मागशील!" तो हसायचा नाही. कारखान्याने मागवलेत, एवढंच सांगून ड्रम उचलायचा. मिरजगाव तेवढं राहिलं.

टेम्पोत त्याने बेत सांगितला. "टाकी दिवाळीची भेट म्हनून द्यायची. जुना ड्रम मोडीत घालतो म्हनायचं आन् उचलायचा. कुनाला कळायचं कारन न्हाई."

"सांगितलेलं बरं," मी म्हणालो.

"काय सांगू? तुमच्या नातीच्या दुधात ते पानी हुतं म्हनून?"

मी पावतीची घडी करून खिशात ठेवली.

आम्ही पोचलो तेव्हा ड्रम ओट्यावरच होता. कुंकवाचा डाग अजून पुसट दिसत होता. स्नेहलने त्यातलंच पाणी तांब्याभांड्यात आणून पुढे केलं. गहिनीनाथने भांडं हातात घेतलं, थोडा थांबला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. मी माझं भांडं ओठाला लावून खाली ठेवलं.

विहीणबाई छबूबाई टाकीभोवती फिरल्या. "व्याही, टाकीबरोबर एखादी साडी आनली असती तर टेम्पो मोडला असता का?"

सगळे हसले. सकाळी फोनवर टाकीचं कळल्यामुळे छबूबाईंनी जुन्या ड्रमची सोय आधीच लावली होती. त्यांची धाकटी जाऊ रतनबाई दारात आली. पोट पुढे आलेलं, सातवा महिना. मागे तिचा नवरा. "हिला हापशावरून पानी वाहवत न्हाई," छबूबाई म्हणाल्या. "तुमचा ड्रम हिच्या घरी जाऊ द्या."

रतनबाईच्या नवऱ्याने ड्रम कलंडवून पाणी ओतलं आणि बुडाला हात घातला.

"उचलू नका," गहिनीनाथ म्हणाला. मग ड्रमवर हात ठेवून पुन्हा म्हणाला, "उचलू नका. त्यात कारखान्याचं औषध यायचं. जंतू मारायचं. पानी प्यायला चालत न्हाई."

रतनबाईच्या नवऱ्याने हात काढून घेतला. मग छबूबाईंनी विचारलं, "तुमाला कवा कळलं?"

"म्हैना झाला."

"म्हैना? आन् आज आलात?"

तो खाली बघत राहिला. "गावात देताना तोंड दाखवलं, काढताना बी दाखवलं. हितं तोंड दाखवायची हिंमत न्हाई झाली."

स्नेहलच्या कडेवर पोर होतं. ती हळूच म्हणाली, "आप्पा, फोन तरी करायचा."

गहिनीनाथने कोपऱ्यातली पहार घेतली आणि अंगणातच ड्रमला भोकं पाडली. गरज होती त्याहून जास्त पाडली. शेवटी आसारामने त्याच्या हातातून पहार घेतली.

"टाकीची किंमत बोला," छबूबाई म्हणाल्या.

"भेट हाय, विहीनबाई."

"आमाला तुमची भेट नको. किंमत सांगा."

तो सांगेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पावती पुढे केली. त्यांनी आतून डबा आणला, सतराशे रुपये ओट्यावर ठेवले आणि बाकीचे दिवाळीनंतर देते म्हणाल्या. गहिनीनाथने ते उचलले नाहीत. ते मी उचलून टेम्पोत त्याच्या खिशात घातले.

नातीला नगरच्या डॉक्टरांना दाखवलं. आज काही दिसत नाही, लक्ष ठेवा, असं ते म्हणाले. रक्त तपासायला स्नेहलचा नवरा घेऊन आला होता. गहिनीनाथ दवाखान्याबाहेर रस्त्याच्या पलीकडे उभा होता. दिवाळीला स्नेहल माहेरी आली नाही.

छबूबाईंकडून गहिनीनाथला तीनशे ऐंशी रुपये येणे आहेत.