मोगरीवरची मशीन

धरणात मासे कुठं हायेत ते दाखवणारी मशीन मी आणली होती. तिचा सेन्सर बसवाले सकाळी नावेले भोक पाडून राहिलो होतो, तर बायको ओरडली, "चांगल्या नावेले भोक? बुडाचं हाय का तुमाले?"

तिनं आपली कपडे धुवायची मोगरी आणून दिली. "याच्यावर ठोका. हे लाकूड पाण्यात सडत नाई."

"मंग कपडे कसे धुशीन?"

"तुमच्या टकलावर आपटून!"

मी सेन्सर मोगरीवर ठोकला, तिनं मोगरी दोरीनं नावेच्या काठाले आवळली. बॅटरी जोडायची तेवढी राहिली.

दुपारी भाकर टाकता टाकताच ती गेली. सांजेले अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅटरी उचलली, तर जावई म्हणाला, "मामा, सुतकात मासे मारत नाहीत."

"जाळं घरीच हाय. तिचं काम अर्धं राहिलं, ते करून येतो."

धरणावर जाऊन नाव आत नेली, लाल तार लालले, काळी काळीले जोडली अन् मोगरी पाण्यात सोडली. मशीन लागली. पडद्यावर नावेखाली मासेच मासे दिसले. ते नीट पाहून घेतले, रिकामी नाव काठाले आणली अन् मोगरी धोतरानं कोरडी पुसली.