तीन कॅसेटी

माझ्या लाडक्या सायकेडेलिक रॉक बँडचा नवा अल्बम आज आला. पहिलंच गाणं अकरा मिनिटांचं. मित्रांना लिंक पाठवली, तर अर्ध्या मिनिटात सगळ्यांचे अंगठे! अरे, ऐकलंत कधी?

कॉलेजात असताना याच बँडची कॅसेट मी बनशंकरी भागातल्या आमच्या घरी आणली होती. एका लांबलचक गाण्यातली मधली घरघर ऐकून, कॅसेट खराब आहे असं समजून बाबा ती दुकानात बदलायला गेले. दुसरीही घरघरली. दुकानदार अण्णांनी निमूट तिसरी दिली. मला त्या दुकानात तोंड दाखवायची सोय उरली नाही. बाबांनी मात्र तीही टेपला कान लावून शेवटपर्यंत ऐकली.

"तिन्हींत एकाच जागी घरघर आहे. म्हणजे मुद्दाम केलीय. का रे?"

"तुम्हाला नाही कळायचं," मी खेकसलो.

ते गाणं तीनदा शेवटपर्यंत ऐकणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.