दाखला देऊ देणार नाही!

समुपदेशकाला शाळेत एक रजिस्टर देतात. त्यात जे लिहिता येत नाही त्याचे किस्से होतात, आणि माझ्याकडे रजिस्टरं कमी, किस्सेच जास्त साठलेत! जुन्नर-आंबेगावच्या तीन शाळा माझ्याकडे आहेत. हे किस्से त्यातल्या जुन्नरकडच्या एका शाळेतले, नाव विचारू नका. पोरगं वांड झालं की शाळा दाखला देऊन मोकळी होते. मग पोरगं दिवसभर स्टँडवर, आणि तिथे त्याची वाट बघणारे 'भाई' असतातच. माझा हट्ट एकच, दाखला देऊ देणार नाही.

*

मला खोली मिळाली ती खेळाच्या सामानाची. "मॅडमकडं जातो तो डोक्यानं गेलेला," अशी पोरांची समजूत, त्यामुळे महिनाभर कुणी फिरकलं नाही. मग मी सगळ्या व्हॉलीबॉलची हवाच काढून ठेवली! बॉल हवा तर आत या आणि पंप मारा. पंप मारता मारता पोरं काय काय बोलतात! एकानं तर ठरलेल्या मारामारीचा अख्खा प्लॅन सांगितला, वार, वेळ, जागेसकट. त्या वेळेला त्या जागेवर मी डबा खात बसले.

*

हेडसर म्हणाले, "मॅडम, यंदा एकही मारामारी नाही. मग तुमचं कामच काय?"

"सर, चोरी होत नाही म्हणून वॉचमनला काढता का?"

सरांनी चहा मागवला. एकच कप.

*

पिंपळवंडीचे एक बागायतदार पोराला दंडाला धरून घेऊन आले. "मॅडम, फोडून काढा याला. आमी काय बोलणार न्हाई."

"दादा, तुम्ही कधीपासून फोडताय?"

"पहिलीपासनं!"

"आता कितवीत आहे?"

"नववीत."

"फरक पडला?"

दादांनी पोराचा दंड सोडला. "न्हाई राव. हातच दुखतो."

*

आणि हा सोमनाथ. घाटघरकडचा, दहावीतला, शिकायला मामाकडे. सुट्टीत घरी गेला, वाढदिवसाचा केक कोयत्यानं कापला आणि मागे भाईगिरीचं गाणं लावून रील टाकलं. गाणं भिकारच होतं, ते मी त्याला सुनावलं. पण हेडसरांनी थेट हवालदारांना बोलावलं आणि दाखला लिहून तयार ठेवला. फक्त माझा शेरा हवा होता, "समुपदेशनाचा उपयोग नाही."

मी म्हटलं, "आधी त्याची आई येईल. मग लिहीन."

आई रानातून तशीच एस.टी.त बसून आली, कमरेला कोयता खोचलेला! हेडसर खुर्ची मागे सरकवून उभेच राहिले. "बाई, हे शस्त्र इथे कशाला?"

"शस्तर? अवो, घरात येवढंच हाय. भाजी चिरायला ह्योच, लाकडं तोडायला ह्योच. हा झाला तवा रस्त्याला गाडी नव्हती, याची नाळ बी सासूनं ह्यानंच कापली. मंग त्याच दिसाचा केक कशानं कापायचा व्हता?"

हवालदारांनी रील लावून धरलेला मोबाईल खिशात टाकला.

शेऱ्याच्या रकान्यात मी बाईंचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं, खाली सही केली आणि कागद हेडसरांच्या पुढे सरकवला.